जिनवरचा पहिला दिवस

(गेट. कापसाच्या ट्रॉल्यांची रांग. ट्रॅक्टरचा आवाज.)

जळगाव जिल्हा. दिवाळी आटोपली की रस्त्यावर जिकडे पाहाल तिकडे ह्याच ट्रॉल्या. मुहूर्ताचा कापूस गणपतीतच येऊन जातो, नारळ फुटतो, पेढे वाटून होतात, पण खरा हंगाम हा, दिवाळी ते होळी, फार तर गुढीपाडव्यापर्यंत. आणि ह्या चार-पाच महिन्यांसाठीच जिनमधे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, नवी माणसं येतात. कोणी चोपडा-यावलकडच्या पाड्यांवरून, कोणी सातपुडा उतरून सेंधव्याकडून, कोणी थेट बिहारहून. सकाळी आला, मुकादमने नाव विचारलं, दुपारी मशीनवर. ट्रेनिंग? "चार महिन्यासाठी काय ट्रेनिंग द्यायचं भाऊ" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं ना, की शेवटी म्हटलं ह्याच्यावरच व्हिडिओ करू.

(ट्रॉलीवर बसलेला पोरगा. वरून जाणारी वीजतार.)

सुरुवात गेटच्या बाहेरूनच. हा पोरगा पाहा कुठे बसलाय. कापूस आधीच हातभर वर भरलेला, त्याच्यावर हा, आणि त्याच्या डोक्यावरून लाईन गेलेली. भरलेली गाडी तारेला घासली आणि जागेवर पेटली ही बातमी खान्देशात नवी नाही. भरलेल्या गाडीवर कोणी बसायचं नाही, गेटमधे येण्याआधी वर पाहायचं, आणि ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला ठिणगी अडवायची जाळी नसेल तर गाडी कापसाच्या ढिगापर्यंत न्यायची नाही.

(गेटवरचा स्टीलचा ट्रे, जवळून.)

हा ट्रे बघण्यासारखा आहे. सकाळचे आठ वाजलेत आणि एवढ्यात काडीपेट्या, लायटर, बिडीचे बंडल, एक तर पितळेचा जुना लायटर, कोणाच्या आजोबाचा असेल. वॉचमन प्रत्येकाचा खिसा चाचपतो, हसत हसत, पण सोडत कोणालाच नाही, मालकाच्या पोराचाही खिसा पाहिला त्याने आमच्यासमोर. तंबाखू-चुन्याची पुडी आत गेली तरी चालते म्हणे. ती थुंकायची कुठे तो वेगळा विषय, त्याच्यावर दुसरा व्हिडिओ होईल.

(जुनी चिमणी. पडका पत्रा. गंजलेला एक रोलर.)

आता हे थोडं मागचं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि त्याच दशकात जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ भुसावळ-जळगावकडे येत होते. कापसाला भाव आला, रेल्वेला माल मिळाला, आणि आपल्याकडे वाफेवर चालणाऱ्या जिना नि कापूस दाबून गाठी बांधणाऱ्या प्रेस उभ्या राहिल्या. अशी चिमणी जुन्या पेठेच्या गावात अजून एखादी दिसते. मग 1881 ला देशातला पहिला फॅक्टरी ॲक्ट आला. तो लागू कोणाला? जिथे शंभर माणसं आहेत आणि कारखाना वर्षात चार महिन्यांच्या वर चालतो त्यालाच. म्हणजे मुंबईची गिरणी आत आणि खान्देशातली बरीचशी हंगामी जिन बाहेर. दहा वर्षांनी, 1891 ला, शंभराचे पन्नास केले. पण हंगामी माणूस म्हणजे अर्धा कामगार ही जी सवय तेव्हा लागली ती काही गेली नाही, कायद्यातूनही पूर्ण नाही, ते पुढे येईलच.

(कापसाचा ढीग. सक्शनचा पाइप ढिगाच्या पायथ्याशी.)

आत आलो की पहिला हा ढीग. मऊ दिसतो, पोरं त्याच्यावर उड्या मारतात, दुपारच्याला झोपतात पण. आता पाइपकडे बघा. पाइप कापूस ओढतो खालून, वरचा कापूस दाबून घट्ट झालेला, म्हणून खाली पोकळी होते आणि वर नुसतं छज्जासारखं लटकत राहतं. ते कोसळलं तर खालचा माणूस दिसत नाही, त्याची हाकही ऐकू येत नाही. म्हणून ढीग वरून उतरता करत यायचं, पायथ्याशी एकट्याने काम करायचं नाही, आणि झोपायचं असेल तर तिकडे शेडच्या बाहेर निंबाखाली.

(पट्ट्यावर कापूस निवडणाऱ्या बाया.)

ह्या ताया-मावश्या कापसातला पाला, किडका कवडी कापूस, गोणपाटाचा धागा, गुटख्याची पुडी, असं काय काय वेचून काढतात. कोंबडीचं पीससुद्धा निघतं. पण त्यांचं सर्वात महत्त्वाचं काम म्हणजे खडा आणि लोखंड काढणं, कारण तो खडा पुढे मशीनमधे लोखंडावर आपटला तर ठिणगी, आणि ठिणगीच्या भोवती काय आहे ते दिसतंच आहे. एवढ्यासाठी मशीनच्या आधी चुंबक लावलेलं राहतं, पण दगडाला चुंबक काय करणार, तिथे मावशीचा डोळाच लागतो.

कपडे पाहा. साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट, बटणं लावलेली, कपाशी वेचायला जातात तसाच. ही आपल्या बायांची स्वतःची अक्कल आहे आणि चांगली आहे, पदर आत राहतो. फक्त बाह्यांचं बटण तुटलेलं नको, लोंबती बाही पट्ट्याच्या रोलरने धरली की हात मागे येत नाही. बांगड्या काढून ठेवायच्या, वेणीचा आंबाडा करून रुमालात बांधायचा. गडीमाणसांनी गळ्यातला गमछा, मनगटातलं कडं, दर्ग्याचा किंवा देवीचा दोरा, सगळं काढून पेटीत ठेवायचं. देव रागवत नाही.

तोंडाला बांधलेला रुमाल मोठा धागा अडवतो, बारीक धूळ आत जातेच. चांगला एन-95 सारखा मास्क पाहिजे. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, खोकला येतो, दोन दिवसांनी बरं वाटतं, असं ज्यांना होतं त्यांनी "सवय झाली" म्हणून सोडून देऊ नये. कापसाच्या धुळीचा हा ओळखीचा आजार आहे, बिसिनोसिस म्हणतात, आणि सुरुवातीला धुळीतून बाहेर निघालं तर बरा होतो, वर्षानुवर्षं काढली तर नाही. डॉक्टरला काम कुठे करतो ते आधी सांगायचं.

(जिन हाऊस. मूळ आवाज, दहा सेकंद, निवेदन नाही.)

हा आवाज आठ तास. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं तर समजायचं कानाला त्रास चालू झाला. आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा. कानात लावायचे प्लग मागून घ्या, आणि इथल्या हाताच्या खुणा पहिल्याच दिवशी शिकून घ्या, दोन्ही हात डोक्यावर आडवे म्हणजे बंद कर.

(डबल रोलर जिन. जवळून.)

हे मशीन समजून घेऊ, कारण समजलं की हात आपोआप मागे राहतो. दोन रोलर, त्याच्यावर चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेल्या. चामडं खरखरीत, त्याला कापसाचा तंतू चिकटतो. रोलरला घासून एक सुरी उभी आहे, ती हलत नाही. तंतू रोलरबरोबर सुरीच्या खालून पलीकडे ओढला जातो, सरकी मात्र जाड, ती अडते, आणि दुसरी एक सुरी सारखी वरखाली होत राहते ती ह्या अडलेल्या सरकीला ठोकून खाली पाडते. पलीकडे रुई, खाली सरकी. दिवसभर बघत बसावं इतकं सुंदर काम आहे, खरंच. आता विचार करा, जे मशीन केसापेक्षा बारीक तंतू धरून ओढतं ते बोट सोडेल का.

बोट जातं कधी? मशीन नीट चालू असताना नाही. अडकतं तेव्हा. ओला कापूस आला, गोळा झाला, रोलर भरला. मागून मुकादम ओरडतो, बंद केलं तर लाईन थांबेल, आणि नवा पोरगा पटकन दोन बोटांनी काढायला जातो.

(फिटर. स्विच. दोन्ही हात पाठीमागे.)

इथले जुने फिटर, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. ते काय करतात बघा. बटण दाबलं. हात पाठीमागे बांधले. उभे. रोलर अजून फिरतोय. लाईट गेली तरी तो वजनदार रोलर लगेच थांबत नाही, मोठ्या चाकाचं तसंच, आणि आवाज कमी झाला म्हणून माणूस फसतो. शेजारचा पोरगा हात पुढे करतो तर आप्पा त्याला अहिराणीत हाणतात, "आजून फिरी ऱ्हायना ना? मंग थांब ना भो!"

थांबला. आता मेन स्विच खाली. आता हे कुलूप. आणि किल्ली आप्पांच्या खिशात, दुसऱ्या कोणाच्या नाही. पाटी लटकवली, त्याच्यावर हाताचं चित्र, कारण "मशिनवर काम चालू आहे" हे मराठीत लिहिलं तर सातपुड्यातली पावरी भाषा बोलणाऱ्या पोराला काय कळणार, आणि आम्ही पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी तर ती पाटी इंग्रजीत होती, कोणासाठी ते त्यांनाच ठाऊक. मग लोखंडी आकडीने गोळा काढला, हाताने नाही. कव्हर परत लावलं, नट आवळले, सगळे बाजूला झाले का ते पाहिलं, तेव्हा कुलूप निघालं. आम्ही घड्याळ लावलं होतं, पूर्ण काम एका चहाच्या आत झालं.

आणि हे आम्ही दोनदा सांगणार. मशीन बंद करायला कोणालाच विचारायचं नाही. पहिल्या दिवशीचा पोरगा असो का पट्ट्यावरची मावशी, काही विचित्र दिसलं, वास आला, आवाज बदलला तर लाल बटण दाबायचं. उगीच दाबलं गेलं असेल तरी चालेल. ह्या जिनमधे मॅनेजरने हे कॅमेऱ्यासमोर सांगितलं, कामगार मागे उभे होते, त्यांचे चेहरे पाहा.

(जमिनीतली नाली. अर्धवट उघडं झाकण. आत फिरणारा स्क्रू.)

मशीनच्या खाली सरकी वाहून नेणारा हा स्क्रू कन्व्हेयर. ह्याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही, पायाखाली आहे म्हणून. झाकण काढलं तुंबलेली सरकी काढायला, परत लावायचं राहून गेलं, वर रुईचा थर पसरला, खड्डा दिसेनासा झाला. पायाने सरकी ढकलायची सवय तर फारच वाईट. झाकण उघडं म्हणजे मशीन बंद, एवढंच. रात्रपाळीला ह्या नालीच्या वर उजेड पाहिजे, नसेल तर बल्ब मागा.

(प्रेसकडे जाणारी रुई. फडके बांधलेल्या बाया फाटकाच्या अलीकडे.)

एक माहिती सांगतो, फार कमी लोकांना ठाऊक राहते. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टात कापूस दाबायच्या कारखान्यासाठी वेगळं कलमच होतं, 27 नंबरचं, की जिथे कॉटन ओपनर, म्हणजे कापूस उकलून मोकळा करायचं मशीन, चालू आहे त्या भागात बाया आणि मुलं कामाला लावायची नाहीत, मधे छतापर्यंत भिंत असली तरच सूट. आणि त्यातलंच 21 नंबरचं कलम होतं, फिरणाऱ्या भागाला जाळी-कव्हर पाहिजेच. बाईला बाजूला ठेवायचं की जाळी सगळ्यांसाठीच मजबूत करायची, आमचं मत दुसऱ्या बाजूला आहे.

गाठ बांधून निघते ती 170 किलोची. ती उचलायची नाही, ढकलगाडीवर कलती करून घ्यायची. आणि गाठीची तार किंवा पट्टी ताणलेली राहते, तोडताना सटकन डोळ्यावर येते, म्हणून चष्मा, आणि तारेच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं.

(वाळूच्या बादल्या. सिलिंडर. मॉक ड्रिल.)

आग. कापूस पेटला की वरचा जाळ लगेच विझतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. तो विझलेला नसतो, आत धुमसत राहतो, गाठीच्या पोटात तर दिवसेंदिवस. म्हणून पेटलेला माल शेडच्या बाहेर, बाकीच्यापासून लांब, पाणी मारून, उकलून, पहाऱ्यावर ठेवायचा, आणि ट्रकवाला कितीही घाई करू दे, त्या ढिगातली गाठ भरायची नाही. विजेच्या पॅनलला पाणी नाही, आधी मेन बंद. हा लहान सिलिंडर काही सेकंदांत रिकामा होतो, तेव्हा पिन काढायची, नळी जाळाच्या मुळाशी, आणि दरवाजा आपल्या पाठीमागे पाहिजे. नाही आटोपलं तर टाकून पळा आणि 101 लावा. तिकडे निंबाच्या झाडाखाली सगळे जमतात, मुकादम वही घेऊन नावं वाचतो.

(प्रथमोपचाराची पेटी उघडते.)

दर 150 कामगारांमागे एक पेटी, असा त्या 1948 च्या ॲक्टाचा नियम होता. ही आम्ही उघडली तर आतला कापूस संपलेला. कापसाच्या जिनमधे. असो. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी, हळद, शाई, टूथपेस्ट काही नाही. बोट तुटलं तर जखम स्वच्छ फडक्याने दाबून हात वर धरायचा, तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात, मग पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर, बोट थेट बर्फावर नाही. 108.

भरपाईचा कायदा 1923 पासूनचा, 2025 मधे तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. त्याच्या तक्त्यात अख्खा अंगठा म्हणजे कमवायच्या क्षमतेची 30 टक्के हानी, पहिलं बोट 14, मधलं 12, करंगळी 7. आणि ई.एस.आय., म्हणजे कामगारांचा राज्य विमा? त्या कायद्याने हंगामी कारखाने बाहेर ठेवले आणि त्या यादीत कापूस जिनिंग-प्रेसिंग पहिल्यापासून आहे, 1881 सारखंच. म्हणजे दवाखान्याचं कार्ड मिळणार नाही, भरपाई मागावी लागणार, आणि मागायला तुम्ही इथे कामाला होता हे दिसलं पाहिजे.

(मुकादमची हजेरीवही. नवा पोरगा नाव सांगतो.)

म्हणून ही वही. कंत्राटदाराकडून आला असाल तरी पहिल्या दिवशी, मशीनकडे जायच्या आधी नाव लागलं पाहिजे, पूर्ण नाव, गाव, तारीख. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवून द्यायचा, आणि मोबाइल मग गेटवर ठेवून आत यायचं.