आरव्ही घेऊन फॅमिली ट्रिपला निघताय? आधी हे बघून घ्या

नमस्कार मंडळी! बेड कसा उघडतो, किचन केवढं आहे याचे व्हिडिओ तुम्ही भरपूर पाहिले असतील, आज मला जरा वेगळं, सुरक्षिततेबद्दल बोलायचंय, आणि मनापासून बोलायचंय, कारण आरव्ही म्हणजे चाकावरचं घर, त्यात गॅस आहे, वीज आहे, पाणी आहे आणि रात्री आपली मुलं तिथेच झोपणार आहेत.

टायरपासून सुरू करू. आरव्ही वर्षातले कितीतरी महिने नुसती उभी असते, त्यामुळे टायरची नक्षी दिसते नवीकोरी आणि रबर मात्र वाळून गेलेलं असतं. टायरच्या बाजूला DOT या अक्षरांनी सुरू होणारा डॉट कोड असतो, त्याचे शेवटचे ४ आकडे वाचा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलाय. हा आकडा कधीकधी आतल्या बाजूला असतो, मग टॉर्च घेऊन गाडीखाली डोकावायचं, पण बघायचंच. बारीक भेगा दिसल्या तर टायर बदला, नक्षी कितीही शिल्लक असू दे. हवा सकाळी निघायच्या आधी, टायर गार असताना चेक करा. आणि हो, वजन! १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, १५० लिटरची टाकी फुल्ल भरून निघालात की १५० किलो उगाच वाहून नेताय, मुक्कामी पाणी मिळणार असेल तर तिथेच भरा ना.

आता गॅस, इथे जरा नीट लक्ष द्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की तो खाली फरशीजवळ साचतो, म्हणून त्याचा डिटेक्टर, म्हणजे गळती ओळखून वाजणारं यंत्र, खाली बसवलेलं असतं. त्याच्यापुढे बॅगा, चपला रचून ठेवू नका. पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की समजायचं गळतंय, लगेच सिलिंडर बंद. माचिस पेटवून बघणं वगैरे अजिबात नाही!

कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे शेगडी किंवा जनरेटर चालताना तयार होणारा विषारी वायू, त्याची भीती मला सगळ्यात जास्त वाटते. त्याला वास नाही, रंग नाही, डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं आणि आपण म्हणतो प्रवासाने दमलो असू, आणि झोपतो. कितीही थंडी असली तरी गरम व्हायला गॅसची शेगडी पेटवून ठेवू नका, जनरेटर चालू ठेवून झोपू नका, शेजारच्या गाडीचा जनरेटर आपल्या खिडकीकडे धूर सोडत असेल तर सरळ जाऊन सांगा, त्यात संकोच कसला. कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरचं बटण प्रत्येक ट्रिपच्या आधी दाबून बघा आणि त्यावरची तारीखही बघा, कारण आतला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो, बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे सेन्सर चांगलाच आहे असं नसतं. अलार्म वाजला तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, कारण नंतर शोधा.

छताकडे कोणी बघतच नाही. व्हेंट (छतावरचा झरोका) आणि कडांच्या भोवतीचं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, दर ३-४ महिन्यांनी बघा, बारीकशा फटीतून पाणी आत मुरतं आणि लाकूड कुजलेलं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

गाडी चालू असताना मागे फिरणं, फ्रिज उघडणं, बेडवर लोळणं बंद, सगळ्यांनी बेल्ट लावून बसायचं. मुलं हट्ट करतात, माहितीये, तरीही. तुमची आरव्ही गाडीमागे ओढायचा ट्रेलर असेल तर मुक्कामी पोचल्यावर चाकांना अडकण लावल्याशिवाय तो गाडीपासून सोडवायचा नाही. वारा सुटला की बाहेर सावलीसाठी उघडलेलं गुंडाळीचं छप्पर गुंडाळा.

आणि आपत्कालीन खिडकी. तिचं रबर बरेच दिवस न उघडल्याने चिकटून बसतं, तेव्हा निघायच्या आधी एकदा उघडून बघा, मग पहिल्या संध्याकाळी दिवे बंद करून मुलांना अंधारात ती स्वतःच्या हाताने उघडायला लावा, तुम्ही बाहेर उभे राहून धरा त्यांना. दोनदा करून घ्या, आणि बाहेर आल्यावर सगळ्यांनी कुठल्या झाडापाशी जमायचं तेही तेव्हाच ठरवून टाका.