लॉक फाइल पुसू नका

मित्रहो, या सभागृहातील अनेकांचा दिवस वागळे इस्टेट, ऐरोली किंवा महाप्यातील एखाद्या कार्यालयात जातो, त्यामुळे जावास्क्रिप्टची पॅकेजे, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, आणून बसवणाऱ्या एनपीएमचा टर्मिनलवर तांबड्या अक्षरांत उमटणारा ‘ईरिझॉल्व्ह’, म्हणजे आवृत्त्या जुळत नसल्याचा एरर, कोणालाच नवा नाही. डिपेंडन्सींचा, म्हणजे आपला प्रकल्प ज्या पॅकेजांवर अवलंबून असतो त्यांचा, गुंता कसा सोडवावा हे सांगण्यासाठी मला बोलावले आहे. त्याआधी एक जुनी तक्रार मांडू द्या. हा एरर आला की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो ‘नोड मॉड्यूल्स’ हा उतरवलेल्या पॅकेजांचा फोल्डर आणि त्याच्याबरोबर प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी लॉक फाइलही पुसून पुन्हा इन्स्टॉल करण्याचा. फोल्डर खुशाल पुसा, तो पुन्हा तयार होतो. लॉक फाइलला मात्र हात लावू नका.

महाप्यातील एका कंपनीला आपला बिलिंगचा प्रकल्प रिअ‍ॅक्ट या वेबपाने रचण्याच्या लायब्ररीच्या १७ व्या आवृत्तीवरून १८ वर न्यायचा होता. तारीख निवडण्याचे एक जुने पॅकेज रिअ‍ॅक्टची १६ किंवा १७ हीच आवृत्ती मागत होते, आणि थेट घेतलेल्या पॅकेजची अशी पीअर डिपेंडन्सी, म्हणजे सोबतचे पॅकेज अमुकच आवृत्तीचे हवे ही अट, जुळली नाही, तर २०२० मध्ये आलेल्या एनपीएम ७ पासून इन्स्टॉलच थांबते. (३ ते ६ या आवृत्त्या नुसता इशारा देऊन पुढे जात, म्हणूनच कित्येक प्रकल्पांतील विसंगती वर्षानुवर्षे झाकलेल्या राहिल्या.) टीमने लॉक फाइल पुसली, ही अट न तपासण्याचा ‘लेगसी पीअर डेप्स’ पर्याय लावला, बिल्ड, म्हणजे कोडची चालवण्याजोगी बांधणी, पार पडला आणि संध्याकाळी ग्राहकाने पाठवलेल्या छापील बिलावर दिवस आणि महिना यांची अदलाबदल झालेली दिसली. सर्वांनी स्वतःचा कोड पालथा घातला, कोणी सर्व्हरच्या टाइमझोनवर संशय घेतला. मी गिटमधील, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदवहीतील, जुनी लॉक फाइल नवीशी ताडून पाहिली, तेव्हा भलत्याच एका पॅकेजच्या पोटातले, तारखेची मांडणी करणारे पॅकेज २.४ वरून २.९ वर गेल्याचे आढळले. मागणीत आवृत्तीपुढे कॅरेट (^) ही खूण असल्यामुळे २ च्या मालिकेतील त्यापुढची कोणतीही आवृत्ती चालणार होती, तिला २.४ वर धरून ठेवले होते ते केवळ पुसलेल्या त्या फाइलने. आवृत्तीचा मधला आकडा (इथे ४ चा ९) वाढताना जुने वर्तन मोडू नये असा संकेत आहे, पण तो पाळणे शेवटी पॅकेज लिहिणाऱ्याच्या हाती असते, आणि ते नेहमी साधतेच असे नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मूळ विषय भराभर सांगतो. एररच्या शेवटच्या ओळीतील ‘फोर्स’ हा जबरदस्तीने इन्स्टॉल करण्याचा पर्याय उचलण्याआधी वरचा मजकूर वाचा: ‘फाउंड’पुढे हाती असलेली आवृत्ती असते, ‘पीअर’पुढे मागितलेली. मग ‘एनपीएम एक्सप्लेन’ चालवा, म्हणजे ते पॅकेज कोणी आत आणले ते कळते. अडवणाऱ्या पॅकेजची नवी आवृत्ती निघाली असेल तर एका वेळी एकच पॅकेज वाढवा आणि प्रत्येक वाढीचा वेगळा कमिट, म्हणजे गिटमधील नोंद, करा. आवृत्ती निघालीच नसेल तर पर्यायी पॅकेज शोधा. पोटातल्या पॅकेजपुरता प्रश्न असेल तर एनपीएम ८.३ पासून ‘ओव्हरराइड्स’ची, म्हणजे त्याची आवृत्ती आपणच ठरवून देण्याची, सोय आहे, ती वापरताना कारण कमिटमध्ये लिहा. स्टाइलशीटसाठी नोड-सास हे पॅकेज असेल तर त्याऐवजी सास घ्या, आणि कोडच्या फाइली एकत्र बांधणारे वेबपॅक ४ हे नोड (जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) १७ वर ओपनएसएसएल या सांकेतिकरणाच्या लायब्ररीच्या एररने अडले तर वेबपॅक ५ वर जा. बिल्ड सर्व्हरवर ‘एनपीएम सीआय’च चालवा: पॅकेजची यादी आणि लॉक फाइल जुळत नसतील, तर तो तिथेच थांबतो.