वाळू आपली, मॅग्नेट बाहेरचा

(भोसरी एमआयडीसी. कामाच्या टेबलावर रोटर.)

हा इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग. कारागिराच्या हातात करंगळीच्या पेराएवढी चकचकीत पट्टी आहे. इथे तिला सगळे नुसतं ‘मॅग्नेट’ म्हणतात. टेबलावर लोखंडी हत्यार एकही नाही, मुद्दामच. पितळी चिमटा आणि लाकडी ठोकळा, बस. दोन मॅग्नेट नकळत जवळ आले, तर मध्ये सापडलेलं बोट सोलून निघतं. याच जोरावर स्कूटर दोघांना घेऊन कात्रजचा घाट चढते.

नियोडिमियम, लोखंड आणि बोरॉनचा हा मिश्रधातू. मोटर तापली तरी ताकद टिकावी म्हणून त्यात थोडं डिस्प्रोशियम. ४ एप्रिल २०२५ला चीनने डिस्प्रोशियमसह सात रेअर अर्थ, म्हणजे खनिजातून सुटी करायला अवघड अशी मूलद्रव्यं आणि त्यांचे मॅग्नेट यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. ऑगस्टमध्ये, ऐन सणांच्या तोंडावर, बजाजच्या इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन अडखळलं.

(चवरा, केरळ. समुद्रकिनारा.)

आता ही वाळू बघा. ओंजळीत काळी दिसते, पण उन्हात धरली की मधाच्या रंगाचे कण चमकतात. तो मोनाझाइट, नियोडिमियम ज्यातून निघतं ते खनिज. १९०९च्या सुमारास एका जर्मन रसायनतज्ज्ञाला तो सापडला, तोही इकडून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत! तेव्हा गॅसबत्तीच्या जाळीसाठी त्याला मागणी होती. १९५०मध्ये आपण इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी काढली आणि दोनच वर्षांत अलुव्याचा कारखाना सुरू केला.

मोनाझाइट कॉस्टिक सोड्यात शिजवायचा, थोरियम बाजूला काढायचं, मग टाक्यांच्या रांगांमधून द्रावण फिरवत एकेक मूलद्रव्य सुटं करायचं. इथवरचं काम आपल्याला येतं. पुढे धातू बनवायचा, मिश्रधातूचं मैद्याहून बारीक पीठ करायचं, ते चुंबकी क्षेत्रात दाबून हजार अंशांच्या निर्वात भट्टीत भाजायचं. पिठापासून भाकरीपर्यंतचा हा टप्पा मोठ्या प्रमाणावर आपण उभाच केला नाही. तो आता तरी उभा राहायलाच हवा. डिस्प्रोशियम मात्र आपल्या वाळूत नावापुरतंच आहे, त्याची सोय वेगळी करावी लागेल.

नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्र सरकारने ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन मॅग्नेट देशातच बनवायचे आहेत.

(पुन्हा भोसरी.)

शेवटची खाच भरली. कारागीर रोटर बोटाने फिरवून बघतो आणि रिकामं खोकं बाजूला सारतो. खोक्यावरची अक्षरं चिनी आहेत.