मळमळीचं वेबिल

श्रोतेहो, नमस्कार.

मी एसटीचा कंडक्टर. नोकरीला सव्वीस वर्षं झाली, त्यातली निम्मी चिपळूण–कराड रस्त्यावर गेली. हा रस्ता ज्यांच्या पायाखालचा आहे त्यांना कुंभार्ली घाट वेगळा सांगायला नको. पोफळी मागे पडली, दोन-चार वळणं झाली की गाडीतली बडबड थांबते. मग मागून कुणाचा तरी बारीक आवाज येतो, "कंडक्टर, पिशवी आहे का?" माझ्या खाकी खिशात कायम चार पिशव्या आणि एक लिंबू असायचं. कुणाला पुढच्या सीटवर बसव, कुणाची काच उघडून दे, पोराला लिंबू हुंगायला दे, सगळं करायचो. पण खरं सांगतो, मनात म्हणायचो, काय ही माणसं, एवढासा घाट झेपत नाही! सव्वीस वर्षांत मला स्वतःला एकदासुद्धा मळमळलं नव्हतं.

आणि मग घाट नसताना, गाडी नसताना, घरच्या खाटेवर सरळ पडलेलो असताना मला मळमळायला लागलं. ते नऊ महिने चाललं.

दोन वर्षांपूर्वी मला रक्ताचा कर्करोग झाला, ल्युकेमिया. केमोथेरपी झाली, आजार आटोक्यात आला, पण तो परत येऊ नये म्हणून डॉक्टरांनी स्टेम सेल ट्रान्सप्लांट करायचं ठरवलं. आमच्या आळीत सगळ्यांना वाटलं, मोठं ऑपरेशन आहे. ऑपरेशन वगैरे काही नसतं हो. आधी जबर औषधं देऊन तुमच्या हाडांतला जुना मगज साफ करतात आणि मग दुसऱ्याच्या मूळ पेशी रक्ताच्या बाटलीसारख्या वर टांगून नळीतून आत सोडतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. मला तीन बहिणी, त्यातली मधली जुळली. माझा रक्तगट पूर्वी बी पॉझिटिव्ह होता, आता तिचा ओ पॉझिटिव्ह आहे. यंदा भाऊबीजेला ओवाळणी काय घालायची हा प्रश्नच पडला मला.

पहिले तीन आठवडे जे व्हायचं ते झालं. तोंड आलं, थुंकी गिळवेना, उलट्या झाल्या. त्याची कल्पना आधीच दिली होती. आमच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा बोलता बोलता सांगितलं की भारतात पहिलं असं प्रत्यारोपण 1983 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. आज उलटी थांबवायला जी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी आपण सहज घेतो ती तेव्हा बाजारात नव्हती, अमेरिकेत तिला मान्यता मिळाली 1991 मध्ये. तेव्हाच्या माणसांनी ते दिवस कसे काढले असतील, या विचाराने मी त्या दिवशी गुपचूप अर्धी वाटी पेज प्यायलो.

चौदाव्या-पंधराव्या दिवशी बहिणीच्या पेशी माझ्या हाडांत रुजल्या. रक्तातले आकडे वर आले. सगळे म्हणाले, सुटलात. रुग्णालयाजवळ खोली घेऊन शंभर दिवस काढले आणि चिपळूणला परत आलो. आकडे उत्तम, ताप नाही. फक्त मळमळ तेवढी गेली नाही.

आता मळमळ म्हणजे उलटी नव्हे. उलटी झाली तर सगळ्यांना दिसते, घरचे पाठीवरून हात फिरवतात, दोन मिनिटांत मोकळं वाटतं. मळमळ कुणाला दिसत नाही. तापाला थर्मामीटर आहे, साखरेला पट्टी आहे, मळमळीला काय आहे? पोटात ढवळत राहतं, तोंडाला पाणी सुटत राहतं, मधूनच कोरडा उमासा येतो, आणि अन्नावरची वासनाच उडून जाते. घास तोंडात फिरतो, घशाखाली उतरत नाही. लोक विचारतात, "आता कसं वाटतं?" आपण म्हणतो, "बरंय." एवढं मोठं संकट टळलेलं असताना मळमळतंय म्हणून काय रडायचं?

तीच माझी चूक झाली. तपासणीला गेलो की डॉक्टरीणबाई विचारायच्या, "उलट्या?" मी म्हणायचो, "नाही." खोटं नव्हतं ते. पण आत धास्ती होती की जास्त काही बोललो तर पुन्हा ॲडमिट करून घेतील. शिवाय जो तो सांगत होता, औषधांमुळे होतं, होईल सवय. माझं वजन 71 किलोचं 58 वर आलं, तरी मी सवय व्हायची वाट बघत होतो.

घरात तर वेगळंच नाटक. कोकणातलं घर, आणि चार महिने त्यात मासळी शिजली नाही. फोडणीचा चुरचुर आवाज आला तरी मी परसात पळायचो. शेवटी बायकोने आपलं चुलखंड जाऊबाईंच्या घरी हलवलं, तिकडून झाकून आणायची. एवढं करून ती ताट वाढायची आणि समोर बसायची. बोलायची काही नाही, बघत राहायची. मी चार घास खाऊन ताट सारलं की तिचा चेहरा उतरायचा. मग तिच्यासाठी म्हणून मी पाचवा घास घ्यायचो आणि तो पाचवाच बाहेर यायचा. जेवणाची वेळ म्हणजे आम्हा दोघांचीही रोज परीक्षा, आणि दोघंही रोज नापास.

एक दिवस ती चिडली. म्हणाली, "अहो, सव्वीस वर्षं लोकांची वेबिलं लिहिलीत, स्वतःचं लिहा की एकदा!" वेबिल म्हणजे कंडक्टरचा हिशेबाचा कागद. टप्पा आला की कितव्या नंबरपर्यंत तिकिटं गेली ते लिहायचं. त्यावरून कुठे किती माणूस चढला ते कार्यालयात बसून कळायचं. तिने शंभर पानी वही आणून दिली. मी रकाने पाडले. वेळ, खाल्लं काय, गोळी कोणती, वास कसला आला, आणि मळमळ शून्य ते दहात किती.

पंधरा दिवसांची वही डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पानं उलटली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे मला दोन महिन्यांपूर्वी का नाही दिलंत?"

वहीत त्यांना एक सोडून दोन मळमळी सापडल्या. पहिली सकाळची. उपाशी पोटी मूठभर गोळ्या घेतल्या की तासाभरात मळमळ सातवर. त्यात सायक्लोस्पोरिन होतं, म्हणजे बहिणीच्या पेशींनी माझ्या अंगाशी भांडू नये म्हणूनचं औषध, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणूनच्या तीन गोळ्या होत्या, आणि सायक्लोस्पोरिनमुळे अंगातलं मॅग्नेशियम घटतं म्हणून मॅग्नेशियमची गोळी. त्यांनी काही गोळ्या जेवणानंतर सरकवल्या, एक बदलली. सायक्लोस्पोरिनच्या कॅप्सूलला पाकीट फोडल्या फोडल्या उग्र वास येतो. बायको ती आता दुसऱ्या खोलीत फोडते, वास जाऊ देते आणि मग आणून देते. एवढ्याने सकाळचा आकडा सातवरून चारवर आला. पण हे वेळापत्रक डॉक्टरांनीच बदलायचं बरं का. तपासणीच्या दिवशी तर रक्त दिल्याशिवाय सायक्लोस्पोरिन घ्यायचं नसतं.

दुसरी मळमळ संध्याकाळची. चार घासांत पोट गच्च, मग उमासे. हिचा गोळ्यांच्या वेळांशी मेळ बसेना. मग दुर्बिणीने पोट तपासलं, आतल्या अस्तराचा कणभर तुकडा काढून पाहिला. निदान निघालं जीव्हीएचडी, म्हणजे ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज. बहिणीच्या पेशी माझ्या रक्तात नांदायला आल्या, पण माझं जठर त्यांना परकं वाटलं, म्हणून त्यांनी भांडण काढलं. हे भांडण काबूत ठेवायलाच सायक्लोस्पोरिन असतं, आणि नेमकं ते तेव्हा हळूहळू कमी होत होतं. स्टेरॉइड सुरू केलं. दहाव्या दिवशी दुपारी मी बायकोला म्हटलं, "थोडा भात उरलाय का गं?" ती स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढे स्टेरॉइड कमी करताना पुन्हा मळमळ, सोबत चक्कर आणि गळाठा. यावेळी वही होती. दोन दिवसांत फोन केला. सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे अंगात आपोआप तयार होणारं स्टेरॉइड, तपासलं तर अगदी खाली. बाहेरून औषध मिळतंय म्हणून अंगातल्या ग्रंथी सुस्तावल्या होत्या, त्यांना जाग यायला वेळ हवा होता. गोळी अधिक सावकाश उतरवली. मनाने एकदम बंद केली असती तर काय झालं असतं, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर मला घाम फुटला.

माझ्या शेजारच्या खोलीत एक गृहस्थ होते, त्यांना त्यांच्याच साठवलेल्या पेशी परत दिल्या होत्या. त्यांना जीव्हीएचडीची भानगड नव्हती. पण गोठवलेल्या पेशी टिकवायला जे रसायन घालतात त्याचा लसणासारखा वास त्यांच्या श्वासाला दोन दिवस येत होता आणि त्या वासानेच ते हैराण. पुढेही महिनाभर त्यांना मळमळत राहिलं ते जठर मंदावल्यामुळे, अन्न पुढे सरकेना म्हणून. दोघांची मळमळ सारखीच दिसायची, औषध मात्र वेगळं. म्हणून सांगतो, शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये.

खाण्याचं आमचं काय जमलं ते सांगतो. मोठं ताट बंद. बायकोने देवाच्या नैवेद्याची वाटी काढली, दर दोन तासांनी तेवढंच. पोट रिकामं पडलं की मळमळ वाढते, हे मला पटायला फार दिवस लागले. उठायच्या आधी खाटेवरच दोन कोरडी बिस्किटं. पाणी जेवणात नाही, मध्ये मध्ये घोटघोट. गरम अन्नाच्या वाफेला वास असतो, म्हणून भात निववून. स्टीलचा चमचा तोंडात लोखंडासारखा लागायचा, लाकडी आणला. मेतकूट-भात चालेल का विचारलं तर आहारतज्ज्ञ म्हणाल्या, वरून कोरडं घालू नका, भात शिजतानाच घाला, म्हणजे जंतूंचं भय नाही. लोणचं, बाहेरचं काही, कच्ची कोशिंबीर सुरुवातीला वर्ज्य. आलं चहात उकळून चालायचं. पण गावातून आलेले काढे आणि चूर्णं मी नमस्कार करून परत केली. आणि आपल्याकडचं गणपतीतलं पपनस! ते सायक्लोस्पोरिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. चांगली पाच पपनसं आली होती घरी, सगळी आळीत वाटली.

बायकोने समोर बसणं सोडलं. वाटी ठेवायची आणि अंगणात जायची. माझ्या मते औषधाच्या खालोखाल याचाच गुण आला.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी एवढं मात्र लिहून घ्या. पाणी किंवा गोळ्या दिवसभर पोटात ठरत नसतील, ताप 100.4 किंवा वर गेला, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं, जुलाब लागले, अंगावर पुरळ उठलं, डोळे पिवळे झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच वेळी फोन करायचा. गोळी उलटून पडली तर दुसरी घेण्याआधी विचारायचं.

आता दीड वर्ष झालं. वजन 66. मळमळ आठवड्यातून एखाद दिवस येते. रुग्णालयाचं फाटक दिसलं, हाताला लावायच्या त्या सॅनिटायझरचा वास आला की हमखास. पोटात काही नसतं, जुनी आठवण असते. त्यावर मी खिशातलं लिंबू हुंगतो. तेच, घाटातलं. मागच्या महिन्यात हलक्या कामावर रुजू झालो, डेपोत टेबलावर. घाटातून आलेल्या गाडीतून कुणी पांढराफटक होऊन उतरलं की मी उठून त्याला खुर्ची देतो.

वही अजून लिहितो. आज सकाळची नोंद आहे, साडेसातला नाचणीची पेज, गोळ्या चार, वास कसला नाही, मळमळ तीन. शेरा, आकाशवाणीत बोलायचं आहे म्हणून असावी.

नमस्कार.