मुलांनी रंगवलेला देश

श्रोतेहो, नमस्कार.

आज १४ जानेवारी. ज्येष्ठ भूगोलतज्ज्ञ प्रा. सी. डी. देशपांडे यांचा हा जन्मदिवस आपल्याकडच्या अनेक शाळा-महाविद्यालयांत भूगोल दिन म्हणून साजरा होतो. या निमित्ताने मी आपल्याला इंग्लंडमधल्या एका शिक्षकसंस्थेविषयी आणि तिथल्या मुलांनी केलेल्या एका मोठ्या कामाविषयी सांगणार आहे.

लंडनची रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी १८३० साली स्थापन झाली. तिचा सन्मान प्रामुख्याने नव्या प्रदेशांच्या शोधासाठी असे. जपमाळेच्या मण्यांवर पावले मोजत तिबेटची पाहणी करणारे आपले कुमाऊँचे नैनसिंह रावत यांनाही १८७७ साली तिचे सुवर्णपदक मिळाले. पण त्याच काळात इंग्लंडच्या शाळांत भूगोल म्हणजे भूशिरे आणि उपसागर यांची घोकंपट्टी होती. सोसायटीलाही हे खटकले असावे, कारण १८८४ साली तिने जॉन स्कॉट केल्टी यांना भूगोलशिक्षणाची पाहणी करण्यास नेमले. युरोपातील इतर देशांत हा विषय किती जिव्हाळ्याने शिकवला जातो आणि इंग्लंड किती मागे आहे, हे केल्टींनी स्पष्टपणे मांडले, आणि तिथले नकाशे, पृथ्वीगोल व पाठ्यपुस्तके आणून त्यांचे प्रदर्शनही भरवले. पुढे १८८७ साली ऑक्सफर्ड विद्यापीठात हॅलफर्ड मॅकिंडर यांची भूगोलासाठी नेमणूक झाली.

विद्यापीठातल्या एका नेमणुकीने शाळेतला तास मात्र बदलत नाही. तो शिक्षकच बदलू शकतो. १८९३ साली ऑक्सफर्डमध्ये काही शिक्षक एकत्र आले आणि त्यांनी ‘जिऑग्राफिकल असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. त्यांची पहिली गरज अगदी साधी होती: मॅजिक लँटर्नवर दाखवायच्या काचेच्या चित्रपट्ट्या एकमेकांना मिळाव्यात. (त्याच सुमारास कल्याणचे महादेवराव पटवर्धन आपल्याकडे ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने असेच कंदिलाचे खेळ दाखवू लागले होते.) हिमनदी किंवा ज्वालामुखी कधीही न पाहिलेल्या मुलाला तो निदान पडद्यावर दिसावा, या तळमळीतून ही संस्था उभी राहिली. १९०१ पासून तिने भूगोल-शिक्षकांसाठी स्वतःचे नियतकालिकही चालवले.

पडद्यावरचे दृश्य हे मात्र दुसऱ्याने पाहिलेले असते, आणि भूगोल स्वतःच्या पायांनी शिकावा लागतो. याचे मला सर्वाधिक भावलेले उदाहरण म्हणजे डडली स्टँप यांनी १९३० साली हाती घेतलेले ब्रिटनचे भूमी-उपयोग सर्वेक्षण. रंगून विद्यापीठात अध्यापन करून परतलेले स्टँप तेव्हा लंडनमध्ये शिकवत होते. देशातली प्रत्येक एकर जमीन आज कशासाठी वापरली जाते, हे त्यांना नोंदवायचे होते. पण एवढे मनुष्यबळ आणायचे कुठून? त्यांनी शाळांना हाक दिली. एका मैलाला सहा इंच या प्रमाणाचे, शेताचा प्रत्येक बांध दाखवणारे नकाशे हाती घेऊन हजारो मुले शिक्षकांसह आपापल्या परिसरात हिंडली. नांगरटीच्या जमिनीला तपकिरी, कायमच्या कुरणाला फिका हिरवा, जंगलाला गडद हिरवा, माळरानाला पिवळा, बागांना जांभळा आणि बांधकामाने व्यापलेल्या जागेला लाल असे रंग ठरलेले होते. स्टँप यांच्या दृष्टीने देशाला नोंद मिळणे जेवढे महत्त्वाचे होते, तेवढेच मुलांचे शिक्षण होणेही महत्त्वाचे होते. आपल्या गावचा ओढा कुठे वळतो आणि कुठली जमीन पडीक राहते व का, हे ज्या मुलाने चालून पाहिले, त्याला पाठांतराची गरज उरली नसेल, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडेही प्रत्येक गावाचा नकाशा आहे, त्यावर गट क्रमांक आहेत, आणि सातबाऱ्यावर कोणत्या गटात कोणते पीक आहे याची नोंद असते. तो नकाशा घेऊन आठवीचा वर्ग एखाद्या दिवशी शिवारात गेला, तर तेवढ्या एका दिवसात किती भूगोल शिकून होईल!

ब्रिटनमधल्या त्या नकाशांचा उपयोग पुढे वर्गाबाहेरही झाला. १९३९ साली युद्ध सुरू झाले. देशाचे निम्म्याहून अधिक अन्न समुद्रापलीकडून येत होते आणि शत्रूच्या पाणबुड्या ती जहाजे बुडवू लागल्या. देशातच धान्य पिकवण्यावाचून गत्यंतर नव्हते. कोणती जमीन नांगरता येईल हे ठरवताना याच सर्वेक्षणाचा आधार घेण्यात आला, आणि शाळकरी मुलांनी फिक्या हिरव्या रंगाने रंगवलेल्या कुरणांपैकी लक्षावधी एकर जमिनीत युद्धाच्या त्या वर्षांत गहू आणि बटाटे उभे राहिले.

नमस्कार.