कादंबरीवर वाचकाचे वय कशाला?

नमस्कार. प्रामुख्याने स्त्रियाच वाचतात असे मानल्या गेलेल्या कादंबऱ्यांचे वाचकांच्या वयानुसार गट पाडावेत का, हा आजचा विषय आहे.

ही पद्धत इंग्रजी पुस्तकांच्या बाजारातली. १९९६ मध्ये हेलन फील्डिंग यांची 'ब्रिजेट जोन्सेस डायरी' गाजली आणि नोकरी करणाऱ्या, जोडीदाराच्या शोधात असलेल्या तरुण नायिकांच्या कादंबऱ्यांना 'चिक लिट' हे नाव सर्रास चिकटले. पुढे आई झालेल्या नायिकांसाठी 'मॉम लिट' आणि चाळिशी ओलांडलेल्यांसाठी 'हेन लिट' अशी नावे निघाली. यात वय मोजले जाते नायिकेचे, पण शिक्का बसतो वाचणारीवर. 'निवृत्त काकांसाठी हेरकथा' असा कप्पा मात्र मी कोणत्याही दुकानात पाहिलेला नाही.

आपल्या ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे आणि वाचनालयाची वर्गणी भरणारी घरे आजही आहेत. अशा घरात सभासदत्व एकाच्या नावावर असते, पण वाचक तिघी असतात. सासूबाई दुपारच्या निवांत वेळी पुस्तक वाचून काढतात, सूनबाई लोकलच्या लेडीज डब्यात जागा मिळाली तर मुलुंड ते दादर चार पाने वाचते आणि परतीची तारीख उलटण्याच्या आदल्या रात्री कॉलेजात जाणारी नात ते संपवते. पुस्तकाला खाकी कागदाचे कव्हर घातलेले असल्यामुळे मुखपृष्ठावर काय छापले होते, हे तिघींपैकी एकीलाही ठाऊक नसते. यांपैकी कोणाचे वय त्या पुस्तकावर छापायचे?

लहान मुलांच्या पुस्तकांवर वय लिहिण्याची सोय समजू शकते, कारण तिथे वाचनाची तयारी हा खरा प्रश्न असतो. तरीही २००८ मध्ये ब्रिटनमधील प्रकाशकांनी तसे ठरवले, तेव्हा फिलिप पुलमन यांच्यासह अनेक लेखकांनी विरोध केला होता. प्रौढ स्त्रियांच्या बाबतीत तर ती सबबही उरत नाही.

पन्नाशीतल्या वाचकाला आपल्या वयाची नायिका हवीशी वाटते, रजोनिवृत्ती किंवा मुले परदेशी गेल्यावरचे घर कथेत यावे असे वाटते, आणि ही अपेक्षा रास्तच आहे. त्यासाठी प्रकाशकाने मलपृष्ठावर नायिका कोण, किती वर्षांची आणि कोणत्या पेचात सापडलेली आहे, हे दोन ओळींत सांगावे; ते पुस्तक घ्यायचे की नाही, हे मग नातीलाही ठरवता येईल.