खजिन्याच्या दारानं परराष्ट्र खात्यात
(व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘नामदार गोखले: अर्थकारण आणि परराष्ट्र व्यवहार’. वाचणाऱ्याला ते दोन विषय वाटतात. माझं म्हणणं असं आहे की कौन्सिलात, म्हणजे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात, उभ्या राहिलेल्या गोखल्यांच्या लेखी तो एकच विषय होता, आणि आज मला एवढंच दाखवून द्यायचंय. पन्नास मिनिटं दिली होतीत, त्यातली काही शाल-श्रीफळात गेली. तक्रार नाही, नारळ चांगला पाणीदार दिसतोय.

पण आधी एक गाऱ्हाणं, मनात ठेवलं तर मला पुढे बोलता येत नाही. दर 9 मेला आपण गोखल्यांना हार घालतो आणि काय सांगतो? शाळेतल्या त्या गणिताची गोष्ट. तुम्हाला सगळ्यांना ती पाठ आहे, म्हणून सांगत नाही. मग गांधीजींचे गुरू. मग टिळकांशी भांडण. आणि शेवटी ‘नेमस्त’ हे विशेषण चिकटवून प्रसाद वाटायचा. मागे एका दैनिकानं माझ्याकडे जयंतीसाठी लेख मागितला. मी उभा जन्म हिशेब खात्यात काढलेला माणूस, मी 1902 च्या अर्थसंकल्पावरच्या भाषणाबद्दल लिहिलं. तिकडून फोन आला, “सर, लेख उत्तम. फक्त आकडे तेवढे काढाल का?” आता आकडे काढल्यावर गोखल्यांचं उरतं काय? पगडी आणि उपरणं! मी आकडे काढले नाहीत, त्यांनी लेख काढला. म्हणून ते आकडे आज तुमच्या वाट्याला आलेत. दारं बंद केलीत ना?

तर मार्च 1902, कलकत्ता. अध्यक्षस्थानी स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. फिरोजशहा मेहतांनी जागा सोडली म्हणून मुंबई इलाख्यातर्फे आलेला हा फर्ग्युसनचा प्रोफेसर, वय पस्तीस. आणि कौन्सिल म्हणजे आजची लोकसभा डोळ्यांपुढे आणू नका. 1892 च्या कायद्यानं सभासदांना अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा दिली होती, मत देण्याची नाही. ठराव मांडता येत नव्हता. प्रश्न विचारता येई, पण उत्तर ऐकून त्यावर उपप्रश्न विचारायचा नाही. बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचं. तुम्ही बोला, आम्ही ऐकतो, आणि बजेट होतं तसंच लागू. (आता लोकसभेत गिलोटिन लागतं आणि खात्याखात्यांच्या मागण्या चर्चेविना मंजूर होतात, तेव्हा फार हसू नका.)

त्या वर्षी खजिन्यात सात कोटींची शिल्लक होती. अभूतपूर्व. पद्धत अशी की प्रत्येक सभासदानं उठून आधी अर्थसदस्यांचं अभिनंदन करायचं. गोखले उठले आणि म्हणाले की या अभिनंदनात मला मनापासून सामील होता येत नाही. देशात प्लेग, पाठोपाठ दोन दुष्काळ, त्यातला दुसरा तर छपन्नाचा, म्हणजे 1899-1900 चा, आणि सरकारच्या तिजोरीत वर्षामागून वर्ष शिल्लक! प्रजेची स्थिती आणि खजिन्याची स्थिती यांचा एकमेकींशी काही मेळच नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा. नेमस्त म्हणतात तो हाच माणूस.

बरं, ही शिल्लक आली कुठून? इथे जरा फळ्याकडे बघा. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडात पौंडांत पैसे भरावे लागत. कर्जावरचं व्याज, निवृत्त साहेबांची पेन्शनं, लष्कराची, रेल्वेची देणी. ‘होम चार्जेस’. दीड कोटी पौंडांच्या वर. कर मात्र इथला शेतकरी भरतो रुपयांत. एका पौंडाचे पेन्स 240. चांदी घसरली तेव्हा 1894-95 च्या सुमारास रुपयाला मिळत होते जेमतेम 13 पेन्स, म्हणजे पौंडाला साडेअठरा रुपये पडत. मग 1893 मध्ये लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं टांकसाळींनी बंद केलं त्याचा परिणाम दिसू लागला आणि रुपया चढत चढत 16 पेन्सांवर गेला. आता पौंड 15 रुपयांना. प्रत्येक पौंडामागे साडेतीन रुपये वाचले. दीड कोटीनं गुणा. सव्वापाच कोटी! मागच्या रांगेतल्या आजोबांनी माझ्याआधी गुणाकार केला, मी ओठ बघितले.

गोखल्यांचा मुद्दा इथे आहे. रुपया घसरत होता तेव्हा तूट आली म्हणून 1886 मध्ये प्राप्तिकर बसवला, 1888 मध्ये मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीचवर नेला. रुपया सावरल्यावर ते कर उतरवायला नकोत? तांदूळ महाग झाला म्हणून खानावळवाल्यानं महिन्याचा दर वाढवला, पुढे तांदूळ उतरला तरी दर तसाच ठेवला, आणि वर पाटी लावली ‘आमच्या कृपेनं मेंबर खाऊनपिऊन सुखी’. तसं हे. शिल्लक ही सुबत्तेची खूण नव्हे, ती जास्तीच्या कराची वसुली आहे, असं व्हाइसरॉयच्या तोंडावर, त्यांच्याच छापील आकड्यांनी त्यांनी मांडलं. हुंडणावळीच्या दराचा संबंध सोलापूरच्या भाकरीतल्या मिठाशी त्यांनी लावला.

सोलापूरचं नाव मुद्दाम घेतलं. कारण या भाषणामागे एक सोलापूरकर हेडमास्तर आहेत, रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी. सोलापूरचे कोणी आहेत का इथे? दोन हात. या दोघांनी तरी टाळी वाजवा. जोशी सरकारी शाळाखात्यात नोकरीला. दिवसा मुलांना शिकवायचं आणि रात्री ब्लू बुकं, म्हणजे सरकारी अहवाल, चाळायची. रानड्यांच्या वर्तुळातले, सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात शेतसाऱ्यावर, जमाखर्चावर लिहिणारे. जानेवारी 1901 मध्ये रानडे गेले आणि गोखल्यांना आकड्यांसाठी हक्काचं माणूस उरलं ते हे. पहिल्या बजेट भाषणाच्या वेळी गोखल्यांनी त्यांना पत्रं लिहून मदत मागितली आणि जोशींनी टिपणं धाडली. भाषण गाजलं. तेव्हा गोखल्यांनी जोशींना लिहिलं त्याचा आशय असा, की हे भाषण माझ्यापेक्षा तुमचंच जास्त होतं, श्रेय सगळं माझ्याकडे आलं आणि आपण लोकांची फसवणूक केली असं वाटतंय. आजचा कुठला आमदार आपल्या टिपणं काढणाऱ्याला असं पत्र लिहील, ते मला सभेनंतर एकट्यात सांगा. अध्यक्षस्थानी माजी आमदार बसलेत.

परिणाम काय झाला? मत नाही, ठराव नाही. तरी 1903 मध्ये मिठाचा कर अडीचचा दोन झाला आणि प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजारावर गेली. 1905 मध्ये दीड, 1907 मध्ये एक रुपया मणाला. सगळं श्रेय गोखल्यांचं, असं मी म्हणणार नाही. काँग्रेस वर्षानुवर्षं ओरडत होती आणि कर्झनलाही दिल्ली दरबारानंतर काहीतरी द्यायचं होतं. पण वर्षामागून वर्ष तोच माणूस त्याच जागी उभा राहून तोच हिशेब पुढे ठेवतो, तेव्हा फाइलीत फरक पडतो. मी फाइलींतच आयुष्य काढलंय.

अरे, चिठ्ठी आली. “दहा मिनिटे.” परराष्ट्र व्यवहार अजून सुरूच व्हायचाय! बरं, भराभर.

गोखल्यांना परराष्ट्र धोरणावर बोलायची सोयच नव्हती. 1909 च्या सुधारणांनी ठराव मांडायचा हक्क आला, पण नियमांत स्पष्ट होतं की परराज्यांशी असलेल्या संबंधांवर ठराव आणायचा नाही. दार बंद. मग हा माणूस खजिन्याच्या दारानं आत शिरला. एक, लष्कर. सरहद्दीवर रशियाची भीती, म्हणून सरसेनापती किचनेरसाहेबांची कोट्यवधींची लष्करी फेररचना. हे किचनेर स्वतः कौन्सिलात बसलेले असायचे, मिशांसकट. 1905 मध्ये जपाननं रशियाला लोळवलं. गोखल्यांनी पुढच्याच बजेटला विचारलं की ज्याच्या भीतीनं खर्च चाललाय तोच पडला, जपानशी इंग्लंडचा करारही झालाय, तर आता तो खर्च थांबवून ते पैसे प्राथमिक शिक्षणाला का देत नाही? आंतरराष्ट्रीय घडामोडीवर त्यांनी टीका केली नाही, फक्त तिचं बिल मागितलं.

दोन, अफू. चीनला अफू विकून सरकार महसूल मिळवत होतं. बंगालची अफू सरकारी लिलावात, माळव्याची मुंबई बंदरातून. इथल्या अनेक पेढ्या त्यावर उभ्या राहिल्या, नावं घेत नाही, त्यांचे पुतळे आहेत. महसूल बुडणार म्हणून बरेच जण हळहळत असताना 1907 च्या भाषणात गोखले म्हणाले की चिनी लोकांच्या अधोगतीतून येणाऱ्या या पैशाची मला नेहमीच लाज वाटत आली आहे. जमेच्या बाजूची एक भक्कम रक्कम स्वतःच्या देशानं सोडावी, असं म्हणणारा हिशेबनीस मी तरी दुसरा पाहिला नाही.

तीन, नाताळ. सण नव्हे, आफ्रिकेतला प्रांत! नाताळ साम्राज्यातलीच वसाहत, परराज्य नव्हे, त्यामुळे नियम आड येत नव्हता. 25 फेब्रुवारी 1910 ला त्यांनी ठराव मांडला की तिकडे गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधलेले, मजूर पाठवणं बंद करा. उसाचे मळे आपल्या मजुरांवर चालतात आणि करार संपलेल्या माणसावर, बाईवर, वयात आलेल्या मुलांवर वर्षाला तीन पौंडांचा कर! साठ शिलिंग. करारातल्या मजुराला पहिल्या वर्षी महिन्याला मिळत दहा. तुम्हाला माणसं नको असतील तर मजूरही मिळणार नाहीत, हा त्यातला व्यवहार. सरकारनं ठराव मानला, कायदा बदलला, जुलै 1911 पासून नाताळची भरती बंद. आज ज्याला आपण आर्थिक कोंडी म्हणतो ती एका पुणेकर प्रोफेसरानं, हातात कसलीही सत्ता नसताना, सरकारला करायला लावली.

1912 च्या शेवटी ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. हे सांगायलाच हवं, चिठ्ठी गेली उडत. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान होते, थोडे मराठी हिंदूही होते. त्यांची इच्छा की गोखल्यांनी मराठीत बोलावं. गांधीजी म्हणाले, बोला, मी हिंदुस्थानीत भाषांतर करतो. गोखले हसले, तुमचं हिंदुस्थानी किती खोल आहे ते मी पाहिलंय, आता मराठीही का? तरी बोलले, गांधीजींनी भाषांतर केलं, आणि पुढे थेट झांझिबारपर्यंत गोखले मराठीतच बोलत गेले. गांधीजींनीच हे लिहून ठेवलंय. तीन पौंडांचा कर काढू असं तिथल्या मंत्र्यांनी त्यांना सांगितलं, नंतर नाकारलं, 1913 चा तिथल्या हिंदी मजुरांचा संप झाला, आणि 1914 मध्ये कर गेला.

सबंध गिरमिट पद्धतच बंद करा, हा ठराव त्यांनी त्याआधी, 4 मार्च 1912 ला मांडला होता. मुळातच अन्यायाची, फसवणुकीवर उभी आणि जबरदस्तीनं टिकलेली पद्धत, असे शब्द वापरले. मतं पडली अकरा बाजूनं, बावीस विरुद्ध. मार्च 1916 मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांनी तोच ठराव आणला तेव्हा सरकारनं मान्य केला. गोखले 19 फेब्रुवारी 1915 लाच गेले होते.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं 1911 चं बिल राहिलं, त्याच्या खर्चाचा हिशेब राहिला, तो खरा पाहण्यासारखा आहे. माझ्या पिशवीत झेरॉक्स आहेत, हव्या असतील त्यांनी न्याव्यात. चहा येईपर्यंत प्रश्न घेतो. ‘टिळक असते तर काय म्हणाले असते’ हा सोडून.